रंगावरून दगडाचं गाव कळत नाही

कोकणात कुठे आदिमानवाने हत्यारासाठी काढलेली धारदार दगडी कपची सापडली की कोणीतरी म्हणतंच, रंग बघा, घाटावरून आणलाय. अहो असं नसतं! अशा कपच्या ज्या गारेसारख्या कठीण दगडाच्या असतात ती कॅल्सेडनी बेसाल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या, पोकळ्यांत तयार होते आणि बेसाल्ट घाटाच्या दोन्ही बाजूंना आहे, रंग तर एकाच ठिकाणी दहा प्रकारचे. खरा पुरावा आतल्या मूलद्रव्यांचा, एक्स-रे मारला की रुबिडियम, स्ट्रॉन्शियम, झिर्कोनियम किती ते दगड न फोडता कळतं. ज्वालामुखीच्या काचेत, म्हणजे लाव्हा झटकन थंड होऊन बनलेल्या काचेसारख्या दगडात, हे प्रमाण बहुतेक प्रत्येक उगमाचं वेगळं, म्हणून तर ग्रीसच्या फ्रँकथी गुहेतली काच समुद्रापलीकडच्या मिलोस बेटाची निघाली, तीही शेती सुरू व्हायच्या आधीची! आपल्या कॅल्सेडनीत मात्र एकाच जागी प्रमाण बदलतं, त्यामुळे आधी इथल्या डोंगरांतले, नदीपात्रांतले भरपूर नमुने तपासून ठेवावे लागतात, नाहीतर जुळवणार कशाशी?