लागर बिअरचं हरवलेलं कूळ आणि चिलीतले जर्मन

दक्षिण चिलीत वाल्दिव्हिया नावाचं शहर आहे, आणि तिथं अजून केकला सरसकट कुखेन म्हणतात, म्हणजे थेट जर्मन शब्द, स्पॅनिश बोलणारी माणसंसुद्धा! असं का, तर चिली 1818 मध्ये स्पेनपासून स्वतंत्र झाला, पण दक्षिणेकडच्या जंगलपट्ट्यात सरकारचा जम नव्हता, म्हणून 1845 मध्ये कायदा करून बाहेरून शेतकरी आणि कारागीर बोलवायचं ठरलं. तिकडे जर्मनीत तेव्हा करपा पडून बटाट्याचं पीक बुडत होतं, 1848 चा उठावही फसला. बेर्नहार्ड फिलिपी या जर्मन माणसाने जमवलेली पहिली नऊ कुटुंबं 1846 मध्ये आली आणि 1850 मध्ये कार्ल आनवांटर नावाचा औषधविक्रेता आला. त्याने लगेच पुढच्या वर्षी वाल्दिव्हियात बिअरचा कारखाना काढला, तो पुढे तेखा बेटावर चांगला नावारूपाला आला.

आता बिअरचं विज्ञान. लागर बिअर थंडीत, साधारण 5 ते 15 अंशांत आंबवतात आणि ते काम करणारं यीस्ट संकरित आहे. त्याचा एक पालक म्हणजे आपलं पाव फुगवणारं नेहमीचं यीस्ट, जे थंडीत ढेपाळतं. गारठ्यात काम करायची ताकद दुसऱ्या पालकाकडून आलेली, पण तो दुसरा कोण हे कित्येक वर्षं कुणालाच सापडत नव्हतं, युरोपभर शोधूनही नाही.

सापडला 2011 मध्ये, आणि कुठे तर अर्जेंटिनातल्या बारिलोचेजवळच्या जंगलात! दिएगो लिबकिंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो दक्षिणी बीच नावाच्या झाडांवर मिळाला. या झाडांवर एक बुरशी वाढते, तिचे नारिंगी गोळे गोड असतात, त्या साखरेवर हे यीस्ट मजेत जगतं. डीएनए जुळवून बघितला तर लागरच्या त्या अनोळखी अर्ध्या भागाशी 99.5 टक्के जुळला. त्याला नाव दिलं साकारोमायसिस युबायानस. आणि हे बारिलोचे गावसुद्धा 1895 मध्ये चिलीतून डोंगर ओलांडून आलेल्या कार्लोस विडरहोल्ड या जर्मन वंशाच्या व्यापाऱ्याच्या दुकानाभोवती वाढलेलं, हे वाचलं तेव्हा मी खरंच थक्क झालो.

मग लगेच वाटतं की जर्मनांनीच यीस्ट दक्षिण अमेरिकेतून युरोपात नेलं असेल. पण नाही, जर्मनीतल्या बव्हेरियात थंडीत बिअर आंबवणं 15व्या शतकातच चालू होतं, कोलंबसचं जहाज निघायच्या आधीपासून. पुढे 2014 मध्ये तिबेटात लागरच्या त्या अर्ध्या भागाचा आणखी जवळचा नातेवाईक मिळाला, 2022 मध्ये आयर्लंडमधल्या डब्लिनच्या मातीतही हे यीस्ट सापडलं. म्हणजे युरोपात ते होतंच, फक्त कुणाच्या हाती लागलं नव्हतं.

या सगळ्यात एक गोष्ट मनाला फार लागते. जर्मनांना जमीन मोकळी करून द्यायला सरकारी अधिकारी विसेन्ते पेरेस रोसालेस यांनी पिची ख्वान नावाच्या स्थानिक माणसाला 30 पेसो देऊन जंगल पेटवायला लावलं, आग तीन महिने चालली आणि धुराने वाल्दिव्हियात सूर्य झाकोळला, हे त्यांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय. कागदावर ती जमीन ओसाड म्हणत होते पण तिथं ‘हुइलीचे’ नावाचे मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, आणि त्यांची जमीन गेली ती गेलीच. जळालेल्या झाडांत बीच किती आणि त्यांच्यावर काय काय जगत होतं याची मोजदाद तेव्हा कोण करणार!

आनवांटरचा कारखाना 22 मे 1960 च्या भूकंपात कोसळला, 9.5 तीव्रता, आजवर यंत्रांवर नोंदलेला सगळ्यात मोठा. त्याच तेखा बेटावर आता विद्यापीठ आहे, आणि तिथल्या संशोधकांनी दक्षिण चिलीतल्या बीचच्या सालींवरून हेच यीस्ट गोळा केलं. 2020 मध्ये त्यांनी मांडलं की याचं सगळ्यात जास्त वैविध्य पॅटागोनियातच, म्हणजे चिली-अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाकडच्या भागातच आहे, म्हणजे ते जगभर पसरलं ते बहुधा इथूनच.