सर्वधर्मीय अन्नछत्र (सोलापूर)

सर्वधर्मीय अन्नछत्र : निरनिराळ्या धर्मांच्या लोकांनी एकत्र येऊन चालवलेली, गरजूंना जात-धर्म न विचारता मोफत जेवण देणारी व्यवस्था. सोलापुरात तिच्यामागे अन्नदानाच्या अनेक जुन्या परंपरा उभ्या आहेत. बाराव्या शतकातील शरणांनी, म्हणजे बसवेश्वरांच्या परंपरेतील संतांनी, कायकाच्या (श्रमालाच पूजा मानण्याच्या) जोडीने दासोहाला (मिळवलेले वाटून खाण्याला, अन्नदानाला) मान दिला. ग्रामदैवत सिद्धरामेश्वर त्या शरणांपैकीच. दर्ग्यांत आणि गुरुद्वाऱ्यांत लंगर असतो, आणि जिल्ह्यातच अक्कलकोटला स्वामी समर्थांच्या अन्नछत्रात रोज पंगती बसतात. या सगळ्या ठिकाणी जेवणारा कोणीही असला तरी यजमान एका श्रद्धेचे असतात. सर्वधर्मीय अन्नछत्रात यजमानही मिश्र, त्यामुळे खरी कसोटी लागते ती स्वयंपाकघरात आणि हिशेबाच्या वहीत.

सर्वांत मोठी गरज सिव्हिल हॉस्पिटलच्या परिसरात दिसते. धाराशिव, लातूर आणि सीमेपलीकडच्या कलबुर्गी, विजयपूर भागांतूनही इथे रुग्ण येतात. दाखल रुग्णाला रुग्णालयाचा आहार मिळतो. सोबत आलेल्या माणसाचे मात्र हाल होतात. त्याशिवाय एकटे वृद्ध, स्टेशन आणि एसटी स्टँडवर राहणारे लोक, काम सुटलेले यंत्रमाग कामगार, हाताला काम कमी मिळालेल्या विडी कामगार बायका. ‘जेवण मोफत आहे’ एवढीच पाटी मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषांत लावली, तर विचारायला लाजणारा माणूसही रांगेत येतो. रुग्णासाठी डबा मागितला तर वॉर्डातल्या सिस्टरना विचारल्याशिवाय देऊ नये. मधुमेह किंवा मूत्रपिंडाच्या आजारात साधी खिचडीही अपाय करू शकते.

एकच हंडा सर्वांना चालला पाहिजे, हा या कामाचा कणा. मांसाहार ठेवला की हलालपासून श्रावणापर्यंत प्रश्न उभे राहतात, म्हणून जेवण शाकाहारी ठेवणे श्रेयस्कर. कांदा, लसूण, बटाटा आणि इतर कंद वगळले की जैन आणि चातुर्मास पाळणारे हिंदूही जेवू शकतात. दुधी, कोबी, मटार, टोमॅटो आणि भरपूर जिरे-हिंग यांवर चव साधते. शंभर माणसांच्या खिचडीला साधारण ७ किलो तांदूळ, ३ किलो मूगडाळ, ४ किलो भाजी, सव्वा लिटर तेल, ३५० ग्रॅम मीठ आणि ३० लिटर पाणी लागते. मीठ आधी तीन चतुर्थांशच घालावे, उरलेले चव घेऊन. खिचडी तळाला लागलीच तर ढवळू किंवा खरवडू नये. वरची खिचडी लगेच दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावी, नाहीतर करपट वास सगळ्या हंड्यात उतरतो. पितळी पातेल्याची कल्हई उडाली असेल तर त्यात चिंच-टोमॅटोची आमटी अजिबात करू नये.

भाकरी घरांतून येते. प्रत्येक घराने रोजच्या पिठात मूठभर भर घालून दोन भाकरी द्यायच्या, ही पद्धत ज्वारीच्या या मुलखात सहज रुजते. चूक होते ती बांधताना : गरम भाकऱ्या एकावर एक रचून फडक्यात गुंडाळल्या की घाम धरतात आणि संध्याकाळपर्यंत चिकट होतात. त्या आधी पसरून निवू द्याव्यात. कडक भाकरी मात्र बरेच दिवस टिकते. ती आणि बिनलसणाची शेंगाची चटणी हा गॅस संपलेल्या दिवसाचा हमखास आधार.

उन्हाळ्यात पारा ४३ अंशांच्या वर जातो, तेव्हा अन्न आंबण्याचा धोका सर्वांत मोठा. शिजलेले अन्न ६० अंशांच्या वर गरम ठेवावे. हॉट बॉक्स नसेल तर सकाळी एकदाच न शिजवता दोन घाण्यांत शिजवावे. शिजलेला भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिला की त्यात असे जंतू वाढतात, ज्यांचे विष पुन्हा उकळूनही जात नाही. पातळ प्लास्टिक पिशवीत गरम खिचडी भरू नये. अशा पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदीही आहे. नेणाऱ्याने डबा आणावा, चार-पाच जादा डबे केंद्रात असावेत. नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा पिण्याची आणि धुण्याची टाकी वेगळी ठेवणे भाग आहे.

मिश्र यजमानांचा खरा फायदा सणावारी कळतो. दिवाळीत आणि गड्ड्याच्या (सिद्धरामेश्वरांच्या संक्रांतीतल्या यात्रेच्या) दिवसांत मुस्लिम व ख्रिस्ती स्वयंसेवक चूल सांभाळतात, ईदला आणि नाताळला बाकीचे. रुग्णालयाला सुट्टी नसते, तशी अन्नछत्रालाही राहत नाही. रमजानमध्ये रुग्णांच्या मुस्लिम नातेवाइकांना दुपारच्या पंगतीचा उपयोग नाही, त्यांना पहाटेच्या सहरीचा डबा रात्रीच द्यावा लागतो. त्यात खिचडी न देता कडक भाकरी, चटणी, केळी आणि खजूर द्यावेत.

पैशांत गोंधळ झाला तर वर्षानुवर्षांचा विश्वास तुटतो. बहुतेक उलेमांच्या (इस्लामी धर्मपंडितांच्या) मते जकात, म्हणजे सक्तीचे वार्षिक दान, मुस्लिम गरजूलाच देता येते. सदका, म्हणजे ऐच्छिक दान, कोणालाही. म्हणून सामायिक हंड्यासाठी सदका घ्यावा आणि देणाऱ्याला हा फरक आधीच सांगावा. मंदिर, चर्च, गुरुद्वारा वा मशिदीतून आलेली धान्याची पोती एकाच साठावहीत, तारखेसह नोंदवावीत. देणाऱ्याचे नाव पंगतीत पुकारू नये, जेवणाऱ्याचा फोटो काढू नये आणि जेवणाआधी कोणाच्याही प्रार्थनेची सक्ती नसावी. नोंदणी विश्वस्त संस्था म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे होते. अन्न फुकट वाटले तरी अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी लागते.

लग्नसराईत कार्यालयांतून उरलेल्या अन्नाचे फोन येतात. ताटात वा बुफेत मांडलेले, मांसाहारी आणि दुधाचे पदार्थ नाकारावेत. वेगळ्या भांड्यात झाकून ठेवलेला वरण-भात किंवा पोळ्या, शिजल्याची वेळ विचारून, घ्याव्यात आणि त्याच वेळी वाटून टाकाव्यात. आदल्या दिवशीची खिचडी आजच्या हंड्यात मिसळू नये. ती ढिगाने गुरांपुढे टाकणेही चूक : शिजलेला भात भरमसाट खाल्ल्याने पोटात आम्लता वाढून जनावर दगावू शकते. ती कोरड्या पाल्यात मिसळून खतात जिरवावी.