क्रोशाच्या गोळ्यावर भोकं का पडतात

माटोळीला (चवथीला गणपतीवर फळं टांगायची लाकडी चौकट) तोरिंग, म्हणजे पपनस, खरं फळच बांधतात, पण भाचीला खेळायला क्रोशाचं हवं होतं म्हणून यंदा चवथीआधी फोंड्याच्या घरी बसून विणायला घेतलं, अर्धा भाग मस्त गुळगुळीत आला आणि टाके कमी करायला लागले तशी भोकं, फुगवटे, आतला कापूसपण दिसायला लागला.

वाढवताना गणित सोपं असतं. मुका खांब (क्रोशातला बुटका टाका, पुढे त्यालाच नुसतं खांब म्हटलंय) साधारण जेवढा रुंद तेवढाच उंच, म्हणजे दर फेरीला त्रिज्या एका टाक्याने वाढते आणि परीघ ६.२८ टाक्यांनी, म्हणूनच आपण ६, १२, १८, २४ असे जातो आणि चकती सपाट राहते. त्याहून जास्त वाढवलं की झालर येते (१९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डायना टायमिना यांनी असंच भराभर वाढवत हायपरबोलिक, म्हणजे झालरीसारख्या पृष्ठभागाच्या, भूमितीचं मॉडेल विणलं, मला हे फार आवडतं). कमी केलं की कापड आत वळतं.

पण आकडा बरोबर असून गाठ का दिसते? खांबाचं डोकं बघा, दोन पदरांचं असतं, एक पुढचा लूप, एक मागचा. टाका कमी करायचा म्हणजे शेजारच्या दोन खांबांचा एक करायचा, त्याच्या नेहमीच्या पद्धतीत सुई दोन्ही खांबांच्या दोन्ही लूपांखालून जाते, म्हणजे चार पदर एका जागी आवळले जातात, वर प्रत्येक खांबातून धागा वेगळा ओढून घेतलेला. एवढा ऐवज एका टाक्याच्या जागेत मावणार कसा, तो फुगतो आणि बाजूला भोक पडतं.

म्हणून सुई फक्त पुढच्या लूपमध्ये घालायची, लगेच शेजारच्या खांबाच्याही पुढच्या लूपमध्ये, मध्ये धागा ओढायचा नाही. आता सुईवर तीन लूप, धागा घेऊन पहिल्या दोनमधून काढा, परत घेऊन उरलेल्या दोनमधून. मागचे दोन पदर आतच राहतात आणि बाहेरून तो अगदी साध्या खांबासारखा दिसतो. मात्र सुलट बाजू बाहेर हवी, गोळा उलटा धरून विणत असाल तर सगळं मुसळ केरात. दोन्ही बाजू दिसणाऱ्या रुमालाला ही पद्धत नको, मागे आडवे पदर दिसतात.

कॉटनला जास्त जपावं लागतं, लोकर ताणून फट झाकते, कॉटन नाही झाकत.

आणि कमी केलेले टाके एकावर एक आले तर गोळ्याला सहा कोन येतात. ३६ वरून ३० ला येताना ४ खांब, १ कमी असं सहा वेळा केलंत तर पुढच्या फेरीत १ खांब, १ कमी, २ खांब असं करा, जागा सरकते.

दुसरं तोरिंग मी असंच विणलं, कापूस कुठूनच दिसत नाही.