प्लॅटिनेरीस ड्युमेरिली

भूमध्य समुद्रात आणि युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावर उथळ पाण्यात राहणारा एक लहान सागरी कृमी. गांडूळ आणि जळू यांच्याप्रमाणे तो वलयी संघातला असला, तरी अंगावरच्या राठ केसांच्या जुडग्यांमुळे, म्हणजे दृढरोमांमुळे, त्याची गणना पॉलिकीटांमध्ये होते. कुल नेरेइडिडी, प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेला नेरीस याच कुलातला. ओदूँ आणि मिल्न-एडवर्ड्स या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञांनी १८३० च्या दशकात या जातीचे वर्णन केले. लांबी साधारण २ ते ६ सेंमी. असते. माद्या नरांपेक्षा मोठ्या असतात.

किनाऱ्यालगत शैवलाने झाकलेले खडक आणि पोसिडोनिया या सागरी गवताची कुरणे ही याची घरे. पार्श्वपादांतील, म्हणजे शरीराच्या दोन्ही बाजूंच्या पायांसारख्या अवयवांतील, ग्रंथींमधून स्रवणाऱ्या रेशमासारख्या धाग्यांनी तो शैवलावर किंवा पानावर एक नळी विणतो आणि आयुष्याचा बहुतेक काळ तिच्यातच काढतो. नळीत शरीर लाटेसारखे हलवून तो ताजे पाणी आत खेळवत ठेवतो. भूक लागली की डोके आणि शरीराचा पुढचा भाग तेवढा बाहेर काढून आसपासचे शैवल कुरतडतो.

डोक्यावर दोन शृंगिका, दोन जाडसर स्पर्शपाद, डोळ्यांच्या दोन जोड्या आणि मागे वळलेले चार जोड्यांचे लांब संस्पर्शक असतात. कुरतडताना घसा पिशवीसारखा उलटून बाहेर येतो आणि त्याच्या टोकाला गडद तपकिरी, करवतीसारखे दाते असलेले दोन जबडे दिसतात. घशाच्या अस्तरावरील बारीक दंतिका कंगव्याच्या दातांसारख्या एकापुढे एक ओळीत लागलेल्या असतात. प्लॅटिनेरीस प्रजाती ओळखण्याची ही भरवशाची खूण आहे.

डोक्यामागे एकसारख्या खंडांची माळ सुरू होते. प्रत्येक खंडाला दोन्ही बाजूंनी एकेक पार्श्वपाद असतो. तो वर-खाली दोन पाळ्यांत विभागलेला असून प्रत्येक पाळीला आतून एका काळसर काडीचा आधार असतो. पाळीतून बाहेर पडणारे दृढरोम कायटिनाचे असतात आणि प्रत्येक रोम एकच पेशी घडवते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर अनेक रोमांच्या दांडीवर सांध्याने जोडलेले छोटे पाते दिसते. एका पेशीच्या हातून इतकी नेटकी जोडणी व्हावी, याचे नवल कितीदा पाहिले तरी ओसरत नाही. या कृमीला वेगळे कल्ले नाहीत. पार्श्वपादांच्या पातळ त्वचेतूनच श्वसन होते. रक्त बंद वाहिन्यांतून फिरते, पाठीकडच्या वाहिनीतून पुढे आणि पोटाकडच्या वाहिनीतून मागे. त्याचा लाल रंग हिमोग्लोबिनाचा. मात्र हे हिमोग्लोबिन पेशींत नसून रक्तद्रवातच विरघळलेले असते. शेपटाचा भाग तुटला, तर टोकाशी नवा वाढीचा पट्टा तयार होऊन खंड पुन्हा येऊ लागतात.

प्रौढ होताना मात्र ही क्षमता संपते आणि सगळे शरीर एका रात्रीच्या तयारीला लागते. डोळे मोठे होतात, आतडे खंगते, मागच्या भागातले पार्श्वपाद वल्ह्यांसारखे रुंद होतात. शुक्राणूंनी भरलेला नराचा पुढचा भाग पांढरा, तर मागचा भाग रक्तवाहिन्यांच्या दाटीमुळे लालभडक दिसतो. मादी अंड्यांमुळे पिवळी पडते. नळी सोडून हे कृमी रात्री पाण्याच्या पृष्ठभागाकडे येतात, एकमेकांभोवती वेगाने गिरक्या घेतात आणि अंडी व शुक्राणू पाण्यात सोडतात. नराला शुक्राणू सोडण्याचा इशारा मिळतो तो मादीकडून येणाऱ्या यूरिक आम्लाचा. मीलनानंतर दोघेही मरतात.

ही रात्र ठरते चंद्रावरून. झुंडी अमावस्येच्या सुमारास, काळोखात निघतात. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल हाउएनशिल्ड यांनी १९५० च्या दशकात हे कृमी प्रयोगशाळेत वाढवायला सुरुवात केली आणि रात्रीच्या मंद कृत्रिम प्रकाशाने हा चांद्रचक्राचा ताल लावता येतो हे दाखवले. कोवळ्या कृमीचे डोके काढले, तर शरीर अकाली प्रौढ होऊ लागते, हेही त्यांच्याच प्रयोगांतून कळले. प्रौढत्व रोखून धरणारे संप्रेरक मेंदूतच तयार होते.

फलित अंड्यातून साधारण एका दिवसात ट्रोकोफोर नावाचा डिंभ, म्हणजे कृमीची पहिली बालावस्था, बाहेर येतो आणि पक्ष्माभिकांच्या, म्हणजे सूक्ष्म हलत्या केसांच्या, पट्ट्याने पोहू लागतो. त्याचा डोळा अवघ्या दोन पेशींचा असतो. एक पेशी प्रकाश टिपते. दुसरी रंगद्रव्याने भरलेली असून एका बाजूचा प्रकाश अडवते. पहिल्या पेशीचा चेतातंतू थेट पक्ष्माभिकांपर्यंत पोहोचतो. प्रकाश पडलेल्या बाजूच्या पक्ष्माभिका मंदावतात आणि डिंभ उजेडाकडे वळतो. हायडलबर्गमधील संशोधकांनी ही यंत्रणा २००८ मध्ये उलगडली. डोळ्यांची सुरुवात कशी झाली असेल हे समजून घेण्यासाठी याहून साधा जिवंत नमुना मिळणे कठीण. तिसऱ्या दिवशी डिंभाला दृढरोम असलेले तीन खंड आलेले असतात. पुढे तो तळाशी येऊन नळी विणू लागतो.

जुन्या नोंदींत ही जात जगभरच्या उष्ण आणि समशीतोष्ण समुद्रांत आढळते असे म्हटले आहे. जनुकीय अभ्यासानंतर आता या एका नावाखाली अनेक जाती मिसळल्या गेल्याचे दिसते, म्हणून दूरच्या किनाऱ्यांवरील नोंदी जपून वाचाव्यात. भूमध्य समुद्रातच हिची एक जुळी वाटावी अशी जात आहे, प्लॅटिनेरीस मॅसिलिएन्सिस. प्रौढ होईपर्यंत दोघींत डोळ्यांना फरक कळत नाही, पण मॅसिलिएन्सिस उघड्या पाण्यात झुंडीने निघत नाही. तिची अंडी नळीतच घातली जातात, नर त्यांची राखण करतो आणि पुढे तोच मादी बनतो.