दिवे मिणमिणतात? स्टॅबिलायझर घेण्याआधी थांबा

‘व्होल्टेज कमीजास्त होतं ते बोर्डाकडूनच, स्टॅबिलायझर लावा, प्रश्न मिटला.’ सोसायट्यांमध्ये वर्षानुवर्षं ऐकू येणारा हा सल्ला अर्धवट आहे, आणि काही वेळा धोक्याचाही.

बाहेरूनही दाब (व्होल्टेज) घसरतो, हे खरंच. पण दोष इमारतीतच असू शकतो. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरवर, तीस मीटर अंतरावर १६ अँपिअर भार टाकला, तर वाटेतच ११-१२ व्होल्ट गळतात. जोड सैल असेल तर आणखी. अशा वेळी स्टॅबिलायझर दाब वाढवताना त्याच वायरीतून जास्त करंट ओढतो, आणि सैल जोड अधिकच तापतो. म्हणजे दिवा स्थिर दिसतो, पण भिंतीतला धोका वाढतो!

सगळ्यात घातक म्हणजे तीन फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन वेगळ्या तारांवर घरं वाटलेल्या इमारतीत न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी सामाईक तार, सुटणं. मग २३० व्होल्टऐवजी एका घरात दाब खूप पडतो, तर दुसऱ्या घरात तो ४०० च्या दिशेने चढतो. टीव्ही, फ्रिज जळतात ते अनेकदा यातूनच.

म्हणून आधी मोजा. गीझर चालू असताना वायरमनकडून मीटरपाशी आणि घरातल्या सॉकेटवर एकाच वेळी व्होल्टेज बघून घ्या. मीटरपाशी स्थिर आणि सॉकेटवर घसरण असेल, तर दोष आपल्याच वायरिंगमध्ये आहे. दोष अधूनमधून येत असेल तर आठवडाभर व्होल्टेजची नोंद ठेवणारं यंत्र लावा. एका फेजचा दाब उतरताना दुसऱ्याचा चढत असेल, तर न्यूट्रलचे जोड त्याच दिवशी तपासून घ्या.