कॅथोडचे पृष्ठविश्लेषण (जुन्या लिथियम-आयन बॅटरीतील)

वापराने किंवा नुसत्या साठवणीने क्षमता घटलेल्या बॅटरीच्या कॅथोडवरील काही नॅनोमीटर थराची रासायनिक तपासणी. मराठी परिभाषेत कॅथोडला ‘ऋणाग्र’ म्हणतात. पण बॅटरीतून वीज घेताना हेच टोक धन असते, म्हणून येथे ‘कॅथोड’ हाच शब्द ठेवला आहे.

बॅटरीचा घट (सेल) सावकाश 2.5–3 व्होल्टपर्यंत उतरवून आर्गॉनपेटीत (पाणी व ऑक्सिजन 1 पीपीएमपेक्षा कमी) उघडतात. कॅथोडची पट्टी डायमिथिल कार्बोनेट या द्रावकात थोडा वेळच धुवावी. न धुतल्यास बॅटरीतील द्रवाच्या वाळलेल्या लवणाचे फ्लुओरीन व फॉस्फरस सगळे झाकतात. फार धुतल्यास थरातील विद्राव्य घटकच निघून जातात. पुढे उपकरणापर्यंत नेण्यास हवाबंद वाहक-पात्र हवेच. नागपुरातील जुलैच्या दमट हवेत उघडी पट्टी लिथियम कार्बोनेट धरते आणि ते जुनेपणाचे लक्षण समजले जाते. म्हणून तुलनेसाठी न वापरलेली पट्टीही याच क्रमातून न्यावी.

ॲल्युमिनियमच्या 1486.6 इलेक्ट्रॉन-व्होल्ट क्ष-किरणांनी केलेल्या एक्सपीएस तपासणीत (क्ष-किरणांमुळे पृष्ठावरून सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजून मूलद्रव्ये व त्यांची रासायनिक स्थिती ओळखण्याची पद्धत) वरचे सुमारे 5–10 नॅनोमीटर दिसतात. बंधनऊर्जेच्या मोजपट्टीवर (इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये) कॅथोडच्या स्फटिक-जालकातील ऑक्सिजनचे शिखर 529.5 च्या आसपास, तर कार्बोनेट व सेंद्रिय अवशेषांची 531–533 मध्ये येतात. फ्लुओरीनच्या शिखरांत लिथियम फ्लुओराइड 685 जवळ, पीव्हीडीएफ बंधक (कॅथोडचे चूर्ण धरून ठेवणारे बहुवारिक) 688 जवळ. निकेलयुक्त कॅथोडात निकेलचे ऑजे शिखर (दुय्यम इलेक्ट्रॉनांमुळे येणारे) मँगॅनीजच्या 2पी कक्षेच्या शिखरावर चढते. तेव्हा मँगॅनीजच्या 3एस शिखराच्या दोन भागांतील अंतर (इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये) पाहावे : चतुःसंयुजी सुमारे 4.7, त्रिसंयुजी 5.4, द्विसंयुजी 6. आर्गॉन आयनांनी खरवडल्यास निकेल व मँगॅनीज तिथेच क्षपित होतात (संयुजा कमी होते), त्यामुळे खोलवर सापडलेला ‘क्षपित थर’ छेदाच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाने पडताळल्याशिवाय खरा मानू नये.

कॅथोडातून मँगॅनीज कसे सुटते, हा वाद जुना आहे. संशोधक हंटर (1981) यांच्या मांडणीनुसार आम्लाच्या संपर्कात त्रिसंयुजी मँगॅनीजचे चतुःसंयुजी व द्विसंयुजी असे विभाजन होते आणि द्विसंयुजी विरघळते. आम्ल येते ते बॅटरीतील द्रवाचे लवण व पाण्याच्या अंशातून. पुढील काही मापनांत विद्रावात त्रिसंयुजी मँगॅनीजही आढळले. विभाजन हा एक मार्ग, एकमेव नव्हे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. सुटलेले मँगॅनीज ग्रॅफाइटच्या ॲनोडवर जमते; म्हणून ॲनोडही तपासावा.

उष्णतेने हे सर्व वेगाने घडते. नागपुरात मेमध्ये पारा 45° सें. ओलांडतो, आणि 2017 पासून येथे विजेवरच्या टॅक्सी धावू लागल्या. मनसरच्या खाणी व ‘मॉइल’ या सरकारी मँगॅनीज खाण-कंपनीचे मुख्यालय यांमुळे मँगॅनीज येथे परिचित आहे, पण ते मुख्यतः लोहमिश्रधातूंसाठी.

लोह फॉस्फेट कॅथोडात लोहाचे 3पी व लिथियमचे 1एस शिखर 55 च्या आसपास एकमेकांत मिसळतात, त्यामुळे लिथियमची मोजणी अवघड होते.