बिडाच्या चकतीत मावणारी उष्णता

उसाचा हंगाम सुरू झाला की निपाणी ते बेळगाव या पट्ट्यात रात्रीच्या वेळी गाडी चालवणाऱ्याला एक प्रसंग हमखास येतो. चौपदरी महामार्गावर गाडी ताशी 100 किलोमीटरच्या वेगाने जात असते आणि पुढे अंधारात, मागचा दिवा नसलेली, उसाने डोक्यापर्यंत भरलेली ट्रॉली अचानक दिसते. पाय ब्रेकवर जातो, गाडी थांबते, क्षणभर श्वास अडकतो आणि मग प्रवास पुढे सुरू होतो. त्या तीन-साडेतीन सेकंदांत चाकाआडच्या दोन बिडाच्या चकत्यांनी काय सोसले, याचा विचार बहुधा कोणी करत नाही. या चकत्या, म्हणजेच ब्रेकच्या डिस्क, बदलण्याची वेळ येते तेव्हा मात्र दुकानात भोके पाडलेली, खाचा मारलेली, रंगवलेली, साधी अशी अनेक प्रकारची डिस्क समोर मांडली जाते आणि निवड डोळ्यांनी होते. ती निवड उष्णतेच्या हिशेबाने व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते.

हिशेब अवघड नाही. माणसे आणि सामान धरून 1500 किलो वजनाची मोटार ताशी 100 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे 27.8 मीटर, या वेगाने जात असेल तर तिच्यात जवळपास 5 लाख 80 हजार ज्यूल इतकी गतिज ऊर्जा असते. ब्रेक ही ऊर्जा नष्ट करत नाहीत, ते तिचे उष्णतेत रूपांतर करतात. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरांनी अशी गाडी साधारण 50 मीटरांत आणि साडेतीन सेकंदांत थांबू शकते. म्हणजे या काळात ब्रेक सरासरी 160 किलोवॅटच्या पुढे, सुमारे 220 अश्वशक्तीच्या दराने ऊर्जा गिळत असतात. ज्या मोटारीचे इंजिन 100 अश्वशक्तीचे आहे, तिचे ब्रेक इंजिनाच्या दुपटीहून अधिक ताकदीचे काम करतात. वेग वाढला की हा आकडा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 120 किलोमीटरला तीच ऊर्जा 8 लाख 33 हजार ज्यूल होते: वेग वीस टक्क्यांनी वाढला, उष्णता मात्र 44 टक्क्यांनी.

ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकांवर झुकतो, त्यामुळे सुमारे 70 टक्के काम पुढच्या दोन डिस्कना करावे लागते. ताशी 100 वरून थांबताना पुढच्या प्रत्येक डिस्कच्या वाट्याला साधारण 2 लाख ज्यूल येतात. एक किलो बिडाचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला सुमारे 500 ज्यूल लागतात. डिस्क 7 किलोची असेल तर एका थांब्यात तिचे सरासरी तापमान 58 अंशांनी वाढते. 5 किलोची असेल तर 80 अंशांनी. हे सरासरी तापमान झाले, घासणारा पृष्ठभाग त्या क्षणी याहून पुष्कळ अधिक तापलेला असतो. साडेतीन सेकंदांत वाऱ्याने उष्णता वाहून नेण्याइतका वेळच नसतो. तेव्हा महामार्गावरील एका जोरदार थांब्यात डिस्कला वाचवते ते तिचे वजन. पाण्याने भरलेला मोठा हंडा आणि लहान तांब्या एकाच चुलीवर ठेवले तर तांब्यातील पाणी आधी उकळते, तसेच हे आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. नवी, महाग डिस्क बसवली म्हणजे गाडी पहिल्या थांब्यात कमी अंतरात थांबेल, अशी पुष्कळांची अपेक्षा असते. सुस्थितीतील कोणतेही ब्रेक, थंड असताना, चाक जागच्या जागी थांबवू शकतात. म्हणूनच एबीएसची, म्हणजे चाक अडकून घसरू न देणाऱ्या यंत्रणेची, गरज पडते. त्या पहिल्या थांब्याचे अंतर टायर आणि रस्ता ठरवतात. चांगल्या डिस्कचा उपयोग पाचव्या, आठव्या, दहाव्या थांब्याला दिसतो, जेव्हा हलक्या डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून धरणारे पॅड तापून त्यांची पकड ढिली पडू लागलेली असते.

आपल्या भागाचे वैशिष्ट्य असे की येथील गाडीला दोन अगदी वेगळ्या परीक्षा द्याव्या लागतात. पुणे-बेंगळूरू महामार्गावर एकेका थांब्याची उष्णता मोठी असते, पण दोन थांब्यांमध्ये डिस्कला भरपूर वारा मिळतो. पश्चिमेकडे उतरताना, म्हणजे जांबोटीवरून चोर्ला घाटाने गोव्याकडे, रामनगरवरून अनमोड घाटाने मोलेमकडे किंवा आंबोलीवरून सावंतवाडीकडे, परिस्थिती उलटी असते. तेथे वेग कमी, वारा कमी आणि ब्रेक मात्र सतत लागलेला. 500 मीटर उंचीचा उतार धरला तर 1500 किलोची गाडी खाली येताना सुमारे 73 लाख 60 हजार ज्यूल ऊर्जा सोडते. ताशी 100 वरून तेरा वेळा लागोपाठ थांबण्याइतकी. ही सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये गेली आणि डिस्क मुळीच निवली नाही असे क्षणभर मानले, तर पुढची 7 किलोची डिस्क 700 अंशांच्या वर जाईल. प्रत्यक्षात हवेचा अवरोध, इंजिन आणि वारा मिळून यातील मोठा वाटा उचलतात आणि त्यातही दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवलेल्या इंजिनाचे ओझे सर्वांत मोलाचे असते. घाटात गाडी न्यूट्रल करणारा चालक इंजिनाचा हा वाटा डिस्कच्या माथी मारतो.

घाटातील या संथ तापण्यावर उपाय म्हणजे हवेशीर डिस्क. अशा डिस्कमध्ये दोन चकत्या एकमेकींपासून थोड्या अंतरावर, मधल्या पात्यांनी जोडलेल्या असतात. चाक फिरू लागले की ही पोकळी पंप बनते: हवा मध्यभागातून आत शिरते आणि केंद्रोत्सारी परिणामाने कडेने बाहेर फेकली जाते. बहुतेक मोटारींच्या पुढच्या चाकांना आज अशीच डिस्क असते, मागच्या चाकांना भरीव डिस्क किंवा ड्रम पुरतो. पाती सरळ असतील तर डिस्क कोणत्याही बाजूला बसवता येते. पाती वक्र असतील तर मात्र डावी आणि उजवी डिस्क वेगळी असते आणि पात्यांचा बाहेरचा शेवट फिरण्याच्या दिशेच्या उलट, मागे झुकलेला असावा लागतो. बाहेरच्या खाचांची दिशा पाहून डिस्क बसवणारे गॅरेज मी पाहिले आहे. वारा आतली पाती हलवतात, खाचा नव्हेत.

आता धातूकडे वळू, कारण बेळगावकरांना हा विषय परका नाही. उद्यमबाग आणि मच्छे येथील फाउंड्र्यांत वर्षानुवर्षे करडे बीड ओतले जाते, आणि ब्रेक डिस्कही याच धातूची असते. या बिडात तीन ते चार टक्क्यांच्या दरम्यान कार्बन असतो आणि त्याचा बराचसा भाग ग्राफाइटच्या सूक्ष्म पापुद्र्यांच्या रूपात धातूभर पसरलेला असतो. लेथवर बिडाचे काम करणाऱ्याचे हात काळे होतात, ते या ग्राफाइटमुळे. हे पापुद्रे धातूला ठिसूळ बनवतात, ही त्यांची उणी बाजू. पण उष्णता पृष्ठभागावरून आत पळवण्याचे रस्तेही तेच असतात आणि कंपने गिळून ब्रेकचा किंचाळणारा आवाज दाबण्याचे कामही तेच करतात. गोलाकार ग्राफाइट असलेले एसजी आयर्न कितीतरी मजबूत असते, तरीही डिस्कसाठी ते कमी पसंत केले जाते, कारण करडे बीड त्याच्या साधारण दीडपट उष्णतावाहक असते. भारतीय मानक आयएस 210 मध्ये करड्या बिडाच्या प्रती एफजी 200, एफजी 260 अशा नावांनी दिलेल्या असतात आणि त्यातील आकडा ताण सोसण्याची किमान ताकद न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये सांगतो. आकडा मोठा म्हणजे डिस्क चांगली, असे समजणे ही येथे चूक ठरते. उच्च कार्बन म्हणून विकल्या जाणाऱ्या डिस्कमध्ये कार्बन मुद्दाम वाढवलेला असतो. तिची ताकद थोडी उतरते, पण उष्णता लवकर पसरते आणि तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत तडे उशिरा पडतात. ज्याची गाडी दर आठवड्याला घाट उतरते आणि महामार्गावर जोरात धावते, त्याने थोडे जास्त पैसे द्यायचे असतील तर ते येथे द्यावेत.

भोके आणि खाचा यांविषयी माझे मत स्पष्ट आहे. जुन्या काळी पॅड तापले की त्यातील चिकटद्रव्यातून वायू सुटत आणि पॅड व डिस्क यांच्यामध्ये त्याचा थर साचे. त्याला वाट देण्यासाठी शर्यतीच्या गाड्यांत भोके आली. आजच्या पॅडमध्ये हा प्रश्न फारसा उरलेला नाही. भोकांनी पावसात पाण्याचा थर लवकर फुटतो, हे खरे. जुलै महिन्यात खानापूरच्या पलीकडे जाणाऱ्याला त्याचे मोल कळेल. पण प्रत्येक भोक डिस्कचे वजन कमी करते आणि प्रत्येक भोकाच्या कडेला ताण एकवटतो, तेथूनच तडे सुरू होतात. खाचांचा धोका यापेक्षा कमी असतो. त्या धूळ आणि पाणी पुसून काढतात, पॅड मात्र लवकर झिजवतात आणि थोडा आवाजही करतात. रस्त्यावर चालणाऱ्या कुटुंबाच्या गाडीला साधी, जड, हवेशीर डिस्क सर्वांत चांगली.

दुकानात डिस्क हातात घेतल्यावर पाहण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट फाउंड्रीतला माणूस लगेच ओळखेल. डिस्कमधली पोकळी ओतताना वाळूच्या कोअरने, म्हणजे साच्यात ठेवलेल्या गाभ्याने, तयार होते. तो कोअर साच्यात किंचित सरकला तर एका बाजूची चकती जाड आणि दुसरी पातळ होते. बाहेरून मशिनिंग झाल्यावर एकूण जाडी बरोबर भरते आणि दोष लपतो, पण डिस्क कडेने पाहिली तर तो उघडा पडतो. सगळ्या परिघावर आतली आणि बाहेरची चकती सारख्या जाडीची दिसली पाहिजे. ती तशी नसेल तर पातळ बाजू लवकर तापते, दोन्ही बाजूंचे प्रसरण जुळत नाही आणि डिस्क गरम असताना छत्रीसारखी किंचित कलते. त्यानंतर डिस्क काट्यावर ठेवावी. मूळ डिस्कच्या मापाचीच पर्यायी डिस्क एखाद्या किलोने हलकी भरली, तर त्या किलोभर बिडाचे काम उरलेल्या धातूला करावे लागणार, हे वरच्या हिशेबावरून लक्षात येईल. तुलना करताना जुनी डिस्क झिजलेली असते याचे भान ठेवावे. शक्य असल्यास मूळ कंपनीच्या नव्या डिस्कशी तुलना करावी. गंजरोधक जस्ताचा लेप मधल्या भागावर आणि पात्यांवर उपयोगी पडतो. घासणाऱ्या पृष्ठभागावरचा लेप पहिल्या काही थांब्यांतच निघून जातो. तेल लावून आलेली डिस्क बसवण्यापूर्वी ब्रेक क्लीनरने पुसणे अनिवार्य आहे.

डिस्क बदलायची कधी, हे तिच्यावरच लिहिलेले असते. किमान जाडीचा आकडा मिलिमीटरमध्ये मधल्या भागावर किंवा कडेवर कोरलेला असतो. डिस्कच्या कडेला न झिजलेला उंचवटा राहतो आणि व्हर्नियर त्यावर टेकून जाडी जास्त दाखवतो. म्हणून मायक्रोमीटरने, घासणाऱ्या भागावर चार-पाच ठिकाणी मोजावे. लेथवर हलका कट मारून डिस्क पुन्हा वापरता येते, पण कट मारल्यानंतर जाडी त्या आकड्याच्या वर राहिली तरच.

डिस्क वाकडी झाली, ही तक्रार गॅरेजात रोज ऐकू येते. ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरते आणि निदान ठरून जाते. माझ्या गाडीची डिस्क याच कारणाने एकदा बदलली गेली आणि थरथर काही हजार किलोमीटरांत परत आली. पुष्कळदा डिस्क वाकलेली नसते, तिची जाडी परिघावर असमान झालेली असते. हबवर, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या भागावर, गंजाचा पातळ पापुद्रा राहिला किंवा चाकाचे नट हवेच्या गनने कमी-जास्त आवळले गेले, की डिस्क फिरताना मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत डोलते. ब्रेक न लावताही पॅड त्याच ठिकाणी दर फेऱ्याला घासतात आणि हळूहळू जाडीत फरक पडतो. मिलिमीटरच्या दोन शतांश भागांइतका फरकही स्टिअरिंगवर जाणवू शकतो. म्हणून हब तारेच्या ब्रशने चकचकीत साफ करणे, डायल गेज लावून डोलणे तपासणे आणि नट टॉर्क रेंचने समोरासमोरच्या क्रमाने आवळणे, ही कामे डिस्कच्या किमतीइतकीच महत्त्वाची आहेत.

नव्या डिस्कबरोबर पॅडही नवे घ्यावेत आणि डिस्क नेहमी जोडीने बदलावी. ब्रेक ऑइलकडेही दुर्लक्ष करू नये. डॉट 4 या प्रतीचे ऑइल कोरडे असताना किमान 230 अंशांना उकळते, पाणी शोषल्यावर हा उत्कलनबिंदू 155 अंशांपर्यंत उतरू शकतो. घाटात ते उकळले तर पेडल जमिनीला टेकते आणि उत्तम डिस्कही कामाची राहत नाही.

डिस्क बसवल्यावर तिला बसू द्यावे लागते. पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही याची खात्री करून, ताशी 60 वरून 10-15 पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करावा, पूर्ण थांबू नये आणि त्यानंतर ब्रेक न लावता काही किलोमीटर गाडी चालवून डिस्क निवू द्यावी. यात पॅडच्या पदार्थाचा एकसारखा थर डिस्कवर चढतो. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून गाडी उभी ठेवली, तर पॅडचा ठसा एकाच ठिकाणी उमटतो. घाट उतरून आल्याबरोबर गाडी धुवायला लावली आणि थंड पाण्याचा जोरदार फवारा तापलेल्या बिडावर पडला, तर तडे जाऊ शकतात. काही दिवसांनी चाकाच्या आऱ्यांमधून डिस्क पाहावी. सगळीकडे सारखी, फिकट राखाडी झाक दिसली तर थर नीट बसला आहे. निळसर किंवा काळपट डाग दिसले तर तेथे उष्णता एकवटत आहे, आणि पुढच्या घाटाआधी चाक खोलून हब व पॅड दाबणारे कॅलिपर तपासून घ्यावेत.